पाण्याचा एक गुंड कमी झाला: सिकलसेलमध्ये हृदय आणि फुप्फुसांचा छुपा त्रास कसा ओळखायचा

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागांत आश्रमशाळांपासून उपकेंद्रांपर्यंत बोटातून रक्त घेणं चालू आहे. रिपोर्ट हातात येतो आणि त्यावर एए (आजार नाही), एएस (वाहक) किंवा एसएस (सिकलसेल आजार) असं लिहिलेलं असतं. एसएस आलं की घरचे विचारतात, आता पुढे काय?

अशा घरांना कागदपत्रं समजावून सांगायचं काम मी गेली काही वर्षं करते. एसएस म्हणजे हातपाय दुखणार, डोळे पिवळे होणार, कधी रक्त लावावं लागणार, एवढं बहुतेकांना ठाऊक झालं आहे. हृदय आणि फुप्फुसांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. परदेशात जिथे एसएस रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली, तिथे प्रौढ वयातल्या मृत्यूंच्या मोठ्या कारणांत हीच दोन नावं आहेत.

एका ताईंची गोष्ट सांगते. वय तिशीच्या आसपास, आजार एसएस. डॉक्टरांनी विचारलं, "दम लागतो का?" त्या म्हणाल्या, "नाही लागत जी." डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळणार एवढ्यात शेजारी बसलेली जाऊ म्हणाली, "पहिले बोअरिंगवरून दोन गुंड आणायची. आता एकच आणते. तोही मधात खाली ठेवते." गुंड म्हणजे पाण्याचा हंडा.

ताई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच दम लागत नव्हता, कारण दम लागेल असं काम त्यांनी हळूहळू सोडून दिलं होतं.

आधी मूळ गोष्ट, थोडक्यात

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. सिकलसेलमध्ये त्याच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकांना चिकटून आतल्या आत कडक काड्या बनवतं आणि मऊ, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी नि ताठ होते.

यातून दोन वेगळे त्रास होतात. पहिला अडकण्याचा. ताठ पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य दुखतं. यालाच क्रायसिस म्हणतात. दुसरा त्रास फुटण्याचा. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्यासारखी झालेली १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडतं, म्हणून डोळे पिवळे दिसतात.

अडकलं की दुखतं, म्हणून माणूस दवाखान्यात जातो. फुटणं मात्र रोज, चोवीस तास चालू असतं आणि त्याचं काहीच दुखत नाही. हृदय आणि फुप्फुसांचा जो छुपा त्रास म्हणते आहे, त्याचा मोठा भाग या न दुखणाऱ्या फुटण्यातून येतो.

फुटलेल्या पेशी फुप्फुसात काय करतात

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोडा थोडा तयार होत असतो. त्याचं काम एकच, नळीला "सैल राहा" असं सांगत राहायचं. या शोधाला १९९८ साली नोबेल मिळालं. पेशी फुटून मोकळं सुटलेलं हिमोग्लोबिन हा वायू गिळून टाकतं. मग नळ्या आखडतात, वर्षानुवर्षं आखडून त्यांच्या भिंती जाड होतात. फुप्फुसातल्या नळ्यांना याचा जास्त फटका बसतो.

आता हृदयाकडे या. हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या पाण्याच्या दोन मोटारी समजा. डावी मोटर सगळ्या शरीराला रक्त पुरवते, म्हणून ती दणकट असते. उजवी फक्त शेजारच्या फुप्फुसांत रक्त ढकलते. तिचं काम सपाट शेताला पाणी देण्याइतकं सोपं, म्हणून तिच्या भिंती पातळ. फुप्फुसातल्या नळ्या अरुंद झाल्या की याच हलक्या मोटरीला एकदम टेकडीवर पाणी चढवावं लागतं. काही वर्षं ती रेटते, फुगते, मग थकते. फुप्फुसांच्या नळ्यांतला दाब असा वाढणं, याला डॉक्टर पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. आपण त्याला फुप्फुसाचा दाब म्हणू.

"पण माझं बीपी तर नॉर्मल आहे!" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो डाव्या मोटरीचा दाब. उजव्या मोटरीचा दाब त्या पट्ट्याला कळतच नाही. निरोगी माणसात फुप्फुसाचा सरासरी दाब १४ च्या आसपास असतो, २० च्या वर गेला की वाढलेला धरतात. दंडावर ११०/७० दिसत असताना आत हा आकडा ३५ असू शकतो.

डाव्या मोटरीचीही वेगळी कहाणी आहे. हिमोग्लोबिन सात-आठ म्हणजे प्रत्येक खेपेला निम्माच माल पोचतो. मग हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि जन्मभर हे करून त्याचे कप्पे मोठे होतात. पुढे त्याच्या स्नायूत बारीक चट्टे पडून तो ताठ होतो. आवळायला त्याला जमतं, पण सैल होऊन रक्त भरून घ्यायला जमत नाही. मग मागे फुप्फुसांत रक्त तुंबतं आणि तिथूनही दाब वाढतो.

"हिमोग्लोबिन सात असलं की दम लागणारच, त्यात काय नवल?"

हा आक्षेप रुग्णांचा नाही, बऱ्याचदा दवाखान्यातला असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. रक्त कमी असलं की दम लागतो हे बरोबर. पण ज्याचं हिमोग्लोबिन पाच वर्षं साडेसातच आहे, त्याला गेल्या वर्षी चढता येत होता तो चढ यंदा चढवत नसेल, तर रक्ताकडे बोट दाखवून भागणार नाही. हिमोग्लोबिन तेच आहे आणि दम वाढला आहे, म्हणजे मध्ये दुसरं काहीतरी बदललं आहे.

म्हणून "दम लागतो का?" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याऐवजी विचारा, मागच्या दिवाळीला करत होता असं कोणतं काम यंदा सोडलं? बाजाराला पायी जाणं, धान्याचं पोतं उचलणं, मुलाला कडेवर घेऊन चालणं. आणि हे रुग्णाबरोबर घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारा. माणूस स्वतःच्या कमी होत गेलेल्या ताकदीची इतकी सवय करून घेतो की त्याला ती कमी झालेलीच दिसत नाही.

जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, चक्कर येऊन पडणं, संध्याकाळी पायांवर सूज, छातीत धडधड, रात्री उशी उंच लागणं, यांतलं काहीही असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. लहान मुलांत घोरणं आणि छातीतली घरघर बघा. घोरणाऱ्या मुलाचा ऑक्सिजन झोपेत खाली जात असू शकतो, आणि ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकड्या होतात.

"ऑक्सिमीटर तर ९७ दाखवतो"

कोरोनाच्या काळात हे बोटाला लावायचं यंत्र घरोघरी पोचलं आणि त्याच्या आकड्यावर लोकांचा विश्वास बसला. सिकलसेलमध्ये तो विश्वास जरा बेताने ठेवावा. तांबडी पेशी फुटून तिच्यातला लोहाचा भाग मोडला जातो तेव्हा शरीरात थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तोही ऑक्सिजनच वाटतो. शिवाय सावळ्या कातडीवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतात हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे आपल्याकडच्या एसएस रुग्णाला दोन्हीकडून चुकीचा दिलासा मिळू शकतो. उलटही घडतं. काही जणांचा आकडा बरं असतानाही ९३-९४ च असतो.

तरी यंत्र फेकून देऊ नका. बरं असताना, काही दुखत नसताना, आठवड्यातून दोनदा आकडा लिहून ठेवा. तो तुमचा स्वतःचा आकडा. पुढे आजारपणात तो किती खाली आला, हे डॉक्टरांना पुस्तकातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं. आणि बसून मोजून झाल्यावर थोडं चालून पुन्हा मोजा. बसल्या जागी ९६ आणि चालून आल्यावर ८९ असेल, तर ही गोष्ट फक्त चालल्यामुळेच कळली.

इकोमध्ये नेमकं काय बघायचं

टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार जेली लावतात, पडद्यावर झडपा उघडमीट करताना दिसतात. मध्येच यंत्रातून फस्स-फस्स असा आवाज येतो. तो रक्ताच्या वेगाचा आवाज, आणि आपल्या कामाची खरी गोष्ट तीच आहे.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून जवळजवळ सगळ्यांमध्येच थोडं रक्त मागे गळतं. ती गळती किती वेगाने होते यावरून आतला दाब काढतात. सायकलच्या ट्यूबला टाचणीएवढं भोक पडलं की ट्यूबमध्ये हवा जितकी ठासलेली, तितक्या जोरात ती बाहेर फुसफुसते, तसंच हे. हिशोबही सोपा आहे. वेगाचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचं. वेग सेकंदाला २.५ मीटर असेल तर २५, तीन मीटर असेल तर ३६. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यातला दाब म्हणून पाच-दहा मिळवतात. वेग अर्ध्या मीटरने वाढला तर दाब किती उडी मारतो ते बघा.

रिपोर्टवर हा वेग टीआर व्हेलॉसिटी म्हणून किंवा हिशोब केलेला दाब आरव्हीएसपी म्हणून लिहिलेला असतो. पण बऱ्याच रिपोर्टच्या तळाशी फक्त "इएफ ६० टक्के, नॉर्मल" एवढंच असतं, आणि माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. इएफ म्हणजे डावी मोटर किती जोरात आवळते याचं माप. सिकलसेलमध्ये बिघाड होतो तो डाव्या बाजूच्या सैल होण्यात आणि उजव्या बाजूच्या दाबात, आणि इएफ तेव्हाही ठणठणीत असू शकतो. म्हणून चिठ्ठीवर "सिकलसेल एसएस" असं ठळक लिहून घ्या, आणि उजव्या झडपेच्या गळतीचा वेग व डाव्या बाजूचं सैल होणं या दोन्ही गोष्टी मोजा असं स्पष्ट सांगा. असं सांगण्यात उद्धटपणा काही नाही.

इको क्रायसिस चालू असताना करू नये. दुखण्याच्या वेळी फुप्फुसाचा दाब तसाही वाढतो आणि आकडा फसवतो. बरं होऊन काही आठवडे गेल्यावर केलेला इको खरा.

"इतकं सोपं आहे तर सगळ्यांचाच दरवर्षी इको का करत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे आणि यावर तज्ज्ञांतही मतभेद झाले आहेत. २००४ मध्ये अमेरिकेत १९५ प्रौढ रुग्णांचा इको केला, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जणांत वेग २.५ किंवा त्याहून जास्त निघाला आणि पुढच्या काळात याच गटात मृत्यू खूप जास्त झाले. सगळे हादरले. मग २०११ मध्ये फ्रान्समधल्या ३९८ रुग्णांचा अभ्यास आला. तिथेही सुमारे २७ टक्क्यांचा वेग जास्त होता. पण मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयात नेऊन दाब मोजला, तेव्हा वाढलेला दाब फक्त २४ जणांत, म्हणजे ६ टक्क्यांत सापडला.

म्हणजे इकोने धोक्याचा इशारा दिलेल्या चारांपैकी साधारण एकालाच तो आजार होता. याचं कारण आपण वर पाहिलं आहे. रक्त कमी असलं की हृदय ते जोरात फिरवतं, आणि नुसत्या त्या जोरानेही गळतीचा वेग वाढतो. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी खरे आहेत. वाढलेला वेग ही काळजीची खूण आहे, निदान नव्हे.

म्हणूनच अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सुचवलं, की काहीच लक्षण नसलेल्या प्रत्येकाचा सरसकट इको करू नये. त्याआधी फुप्फुसतज्ज्ञांच्या संघटनेने ठरावीक वर्षांनी इको करावा असं म्हटलं होतं. मला या वादात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. "लक्षण नाही" असं म्हणण्याआधी लक्षण नीट विचारलेलं असायला हवं. आमच्या ताईंच्या कागदावर जाऊबाई बोलल्या नसत्या तर "लक्षण नाही" असंच लिहिलं गेलं असतं.

इकोत वेग जास्त निघाला तर लगेच हृदयात नळी घालत नाहीत. दोन साध्या गोष्टी आधी बघतात. पहिली, रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या स्नायूवर ताण आला की तो हे रसायन रक्तात सोडतो. किडनी बिघडली असेल तरीही ते वाढतं, एवढं ध्यानात ठेवायचं. दुसरी गोष्ट सहा मिनिटांची चाल. सपाट व्हरांड्यात दोन टोकांना खुर्च्या ठेवायच्या, सहा मिनिटांत आपल्या चालीने किती मीटर होतात ते मोजायचं, आधी आणि नंतर ऑक्सिजन बघायचा. सिकलसेलमध्ये खुब्याचं हाड खराब झालेले पुष्कळ रुग्ण असतात. त्यांची चाल खुब्यामुळेही कमी भरते, म्हणून कशामुळे थांबलात हे लिहून ठेवणं महत्त्वाचं. वेग जास्त आणि सोबत यांतली एक तपासणीही बिघडलेली असेल, तर मग नळी घालून नक्की करायचं.

या चालीबद्दल मला विशेष बोलायचं आहे. भामरागडहून इकोसाठी नागपूरला जायचं म्हणजे मजुरी बुडवून, मुक्काम करून जायचं. सहा मिनिटांच्या चालीला मात्र मोजपट्टी, घड्याळ आणि ऑक्सिमीटर पुरतं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. प्रत्येक प्रौढ एसएस रुग्णाची चाल वर्षातून एकदा मोजून कार्डावर लिहिली, तर नागपूरला कुणाला आधी पाठवायचं हे तिथेच कळेल. हे का होत नाही, याची मला खंत आहे.

दुखण्यासाठी भरती झालेल्या माणसाची छाती

आतापर्यंत सांगितलं ते वर्षानुवर्षं हळूहळू होणारं. छातीचा एक प्रकार मात्र एका रात्रीत जिवावर येतो. त्याला अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. फुप्फुसाच्या एखाद्या भागात पेशी अडकतात, किंवा संसर्ग होतो, किंवा दुखऱ्या हाडातल्या मज्जेतली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन बसते. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशी ६७१ आजारपणं तपासली. त्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण दवाखान्यात आले होते ते दुसऱ्याच कारणासाठी, बहुतेक हातपाय दुखतात म्हणून. छातीचा त्रास भरती झाल्यावर दोन-तीन दिवसांनी सुरू झाला.

म्हणून भरती होताना काढलेला एक्स-रे स्वच्छ आला तरी तिसऱ्या दिवशीच्या छातीबद्दल तो काही सांगत नाही. ताप, खोकला, बरगडीत दुखणं, श्वास भरभर चालणं, ऑक्सिजन आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली येणं, यांतलं काही दिसलं की सिस्टरना लगेच सांगायचं आणि पुन्हा छाती तपासायला लावायची. क्रायसिस उतरतेय आणि माणूस गप्प झोपलाय, अशा वेळीही श्वास मोजा. दुखण्याच्या औषधाच्या गुंगीतही श्वास उथळ होतो.

बरगड्या दुखतात तेव्हा माणूस छाती भरून श्वास घेत नाही आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो. यावरचा उपाय अगदी साधा आहे. औषधाच्या दुकानात तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मिळतं, स्पायरोमीटर म्हणतात त्याला. जागं असताना दर दोन तासांनी दहा वेळा नळीतून श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. पुष्कळ जण त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नाही, ओढायचं. एका वॉर्डात मी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आजीशी पैज लावताना पाहिलं. आजीची एकच गोळी उठायची, याच्या दोन. तिसरीसाठी तो दुपारभर झटत होता. १९९५ मधल्या एका चाचणीत या यंत्राने अशा रुग्णांतला छातीचा त्रास लक्षणीय कमी झालेला दिसला.

"सापडून तरी करायचं काय?"

करण्यासारखं बरंच आहे. मुळावरचं औषध हायड्रॉक्सियुरिया. ते गर्भातल्या बाळाच्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं, मग पेशी कमी वाकतात आणि कमी फुटतात. १९९५ मध्ये २९९ प्रौढांवर झालेल्या चाचणीत क्रायसिस आणि छातीचा तीव्र त्रास, दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आले. गोळी सरकारी दवाखान्यांतही मिळते. रक्तपेशींची मोजणी वेळोवेळी करावी लागते आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. दुखणं थांबलं म्हणून अनेक जण गोळी सोडतात. पेशी फुटणं मात्र थांबलेलं नसतं.

पुढचा उपचार दाब कुठून वाढला यावर ठरतो. फ्रान्समधल्या त्या २४ जणांत अर्ध्याहून किंचित जास्त जणांचा दाब डाव्या हृदयामुळे होता, बाकीच्यांचा फुप्फुसातल्या नळ्यांमुळे. दोघांना एकच औषध चालत नाही. कुणाच्या फुप्फुसात जुन्या गुठळ्या असतात, त्या वेगळ्या स्कॅनने शोधाव्या लागतात. कुणाला वारंवार रक्त लावून हृदयात लोह साठलेलं असतं, त्याला लोह उतरवायचं औषध लागतं. कुणाचे टॉन्सिल काढले तरी रात्रीचा ऑक्सिजन सुधारतो.

फुप्फुसाच्या दाबासाठी इतर रुग्णांना सिल्डेनाफिल नावाची गोळी देतात. सिकलसेलमध्ये तिची चाचणी २००९ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांना दुखण्यासाठी जास्त वेळा भरती व्हावं लागत होतं. म्हणून दुसऱ्या कुणाची दाबाची गोळी आपली समजून घेऊ नये.

एसएस असलेल्या बाईला दिवस जाण्याआधी हृदयाची तपासणी झालेली असावी. फुप्फुसाचा दाब वाढलेला असताना गरोदरपण आईच्या जिवावर बेतू शकतं, आणि हे सातव्या महिन्यात कळून फार उशीर होतो.

"माझा एएस आहे, मीही इको करू का?"

नाही. एएस म्हणजे वाहक. तुमच्या पेशी रोज फुटत नाहीत, त्यामुळे हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही जपायचं ते लग्नाच्या वेळी, जोडीदाराचा रिपोर्ट बघून. ज्यांना सिकलसेल आणि थॅलेसेमिया एकत्र आहे, त्यांनी मात्र स्वतःला एसएसच्याच रांगेत धरावं.

त्या ताईंची चाल त्याच दिवशी व्हरांड्यात मोजली. पाचव्या फेरीला त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. कशामुळे थांबलात विचारलं तर म्हणाल्या, "पाय नाही जी, श्वास." ऑक्सिजन ८८ वर आला होता. डॉक्टरांनी मीटर, ऑक्सिजन आणि "श्वासामुळे थांबली" एवढं फाइलच्या वरच्याच पानावर लिहिलं आणि इकोची चिठ्ठी केली. जाऊबाईंनी ती दोनदा घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि विचारलं, नागपूरची गाडी सकाळी किती वाजता सुटते.